दाढेनंतरची पेज

दाढ काढायला सोबत माणूस लागतो हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तशीच दुखत ठेवली असती.

माझी खालची उजवीकडची अक्कलदाढ अठ्ठावन्नाव्या वर्षी दुखायला लागली. त्यावर शेजारच्या, शाळेची बस चालवणाऱ्या राजारामने जो विनोद केला, तो तुमच्याही मनात आला असेल, म्हणून इथे लिहीत नाही. आधी मी लवंग धरली, मग मिठाच्या गुळण्या केल्या. शेवटी गाल इतका सुजला की दाढी एकाच बाजूची होऊ लागली. तेव्हा नाहूर स्टेशनाजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीण तरुण होती, नाव तेजल. तिने मशीनपुढे उभं करून माझ्या सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि स्क्रीनवर दाखवला. बाकीचे दात शहाण्यासारखे उभे होते. शेवटची दाढ मात्र दुपारी चटईवर पडलेल्या माणसासारखी आडवी.

"काका, ही नुसती ओढून निघणार नाही," ती म्हणाली. "हिरडी थोडी कापायची, मग तुकडे करून काढायची. घाबरू नका. भूल दिल्यावर दुखत नाही, फक्त ढकलल्यासारखं वाटतं आणि आवाज येतो. आधी गोळ्या घेऊन सूज उतरू दे. आणि येताना सोबत कोणीतरी आणा. मिसेसना घेऊन या."

"आणतो," मी म्हटलं.

माझी बायको शकु मागच्या गणपतीनंतर गेली. हे तिथेच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण मी "आणतो" म्हटलं आणि चपला घालून निघालो, जसं काही घरी जाऊन तिला तारीख सांगायचीच बाकी होती.

खरं तर मुलीला नेता आलं असतं. अक्षता बोरीवलीला असते. जावई निलेश चांगला माणूस आहे, त्याची आईसुद्धा चांगली आहे. पण अक्षताने मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. "बाबा, तोपर्यंत एकट्याने नीट राहिलात तर राहा. नाहीतर खोली भाड्याने द्यायची आणि आमच्याकडे यायचं. मग रडारड चालणार नाही."

तिचंही चुकत नव्हतं. शकु गेल्यावर मी एकदा कुकरमध्ये पाणी घालायचं विसरलो आणि शिट्टी का होत नाही म्हणून स्टूल टाकून समोर वाट बघत बसलो. एकदा कचरा ठेवायला बाहेर आलो, दार मागे बंद झालं, किल्ली आत, आणि अंगावर फक्त टॉवेल. त्या दिवशी राजारामची बायको जयावहिनी डोळे मिटून मला राजारामची लुंगी देऊन गेली. हे सगळं अक्षताला कळलं होतं. आमच्या मजल्यावरून बातमी बोरीवलीला पोहोचायला पाच मिनिटं पुरतात.

मला बोरीवलीला जायचं नव्हतं. तीस वर्षं मी मरोळच्या कारखान्यात खोके बनवायची मशीन चालवली आणि तीस वर्षं याच खोलीत परत आलो. इथे अंधारात उठून दिवा न लावता पाण्याच्या माठापर्यंत जाता येतं. या खोलीबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, पण तेवढं मला पुरतं.

तेव्हा मी ठरवलं, दाढ गुपचूप काढायची. गुपचूप बरी करायची. दिवाळीला अक्षता आली की सहज सांगायचं, अगं, मध्ये एक ऑपरेशन झालं, मीच सांभाळलं. म्हणजे तिचं तोंड बंद. प्रत्यक्षात कुणाचं बंद झालं ते पुढे येईलच.

ठरलेल्या दिवशी गेलो तर काउंटरवरच्या माधुरी मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "मिसेस कुठेत?"

"खाली. भाजी घेतेय."

दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली फूटपाथवर भाजीवाल्या बसतात, म्हणून ते सुचलं.

"वर बोलवा ना. एसी आहे."

"तिला एसी सोसत नाही."

"मग पाणी तरी…"

"बाटली आहे तिच्याकडे," मी म्हटलं. खोटं बोलण्यात मी इतका हुशार आहे हे मलाही नवीन होतं.

आत खुर्चीवर झोपवलं. इंजेक्शनचं टोचणं तेवढं कळलं, मग ओठ, जीभ, हनुवटी सगळं दुसऱ्या कुणाचं तरी झालं. डॉक्टरीण म्हणाली, "दुखलं तर डावा हात वर करा." मध्येच माझ्या नाकाला खाज आली. मी हात वर केला. तिने घाईघाईने आणखी एक इंजेक्शन दिलं. खाज तशीच राहिली.

दुखलं नाही हे खरं. पण आवाज येतो. शेजारच्या खोलीत कुणी लादी फोडतंय आणि ती खोली आपल्याच डोक्यात आहे, असा. ती जोर लावायची तसं माझं डोकं खुर्चीत रुतायचं. आणि वरून ती गप्पा मारत होती. "काका, मूळ गाव कुठलं?" तोंडात चार हत्यारं असताना माणूस काय सांगणार? मी "आ ऑ ऊ" म्हटलं. ती म्हणाली, "हो का? छान." मी मालवणचा आहे. तिने काय ऐकलं देव जाणे.

दाढ निघाली. टाके पडले. डॉक्टरणीने जागेवर कापसाची घट्ट घडी ठेवली आणि सांगितलं, "तासभर दाबून धरा. बोलायचं नाही, थुंकायचं नाही. आता मिसेसना बोलवा. पुढचं सगळं त्यांना सांगते, तुम्ही निम्मं विसराल."

मी बोटाने खाली दाखवलं. मग हात हलवला, म्हणजे असू दे, तिला कशाला त्रास.

"अजून भाजीच?" डॉक्टरीण म्हणाली. "माधुरी, जरा बघ गं खाली."

मी उठायला गेलो, तर तिने खांदा दाबून बसवलं. माधुरी मॅडम जिना उतरून गेल्या. मी खिडकीशेजारच्या खुर्चीत कापूस चावत बसलो. खिडकीची काच अर्धी उघडी होती आणि खालचा शब्द न शब्द वर येत होता.

"परब काकांची मिसेस कोण आहे इथे? गुणाजी परब?"

शेवंती भाजीवाली म्हणाली, "कोन, शकुताई? ताई, त्या वारल्या की. वरीस होत आलं आता. माज्याकडनंच मेथी न्यायच्या. तुमाला कोनी सांगितलं, हितं हायेत म्हनून?"



माधुरी मॅडम वर आल्या त्या हळू पावलांनी. डॉक्टरणीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मला वाटलं आता मला रागावतील, म्हातारा खोटं बोलतो म्हणून. मी कापूस इतका जोरात दाबला की डोळ्यांत पाणी आलं. निदान कापसामुळे आलं असं दाखवता येण्याची सोय होती.

डॉक्टरीण स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "काका, मी तुम्हालाच सांगते. सावकाश सांगते. आज फक्त थंड आणि मऊ खा. आइस्क्रीम चालेल. गाल बाहेरून बर्फाने शेका. उद्या-परवा सूज वाढेल, घाबरू नका, मग उतरेल. दोन दिवस थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तिथे रक्ताची गुठळी धरते, ती हलता कामा नये. तीच तुमची मलमपट्टी. आणि मुलगा-मुलगी कुणाचा नंबर असेल तर द्या."

मी जोरात मान हलवली. नाही.

तिने आग्रह केला नाही. माधुरी मॅडम जेवणाची सुट्टी सोडून तासभर माझ्याजवळ बसल्या. मग मला रिक्षात बसवून दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "काका, सांगायचं ना असं."

घरी आलो. आता माझी परीक्षा सुरू झाली होती आणि मला पैकीच्या पैकी मार्क हवे होते. मी डॉक्टरणीचा एकही शब्द विसरलो नाही. थुंकलो नाही. गुळणी केली नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या. दुकानदार आइस्क्रीमबरोबर लाकडी चमचा आणि सवयीने एक स्ट्रॉ द्यायला लागला, तर तोही परत केला. तो बघतच राहिला.

बर्फाची मात्र पंचाईत झाली. ट्रेमध्ये पाणी भरून ठेवावं लागतं, ते ठेवणारी गेली होती. फ्रीझरमध्ये फक्त सुरमईच्या तुकड्यांची पिशवी होती. मी तीच फडक्यात गुंडाळून गालाला लावली. गार अगदी छान वाटलं. तासाभराने पिशवीतून पाणी सुटलं आणि माझ्या मानेवरून बनियनमध्ये गेलं. संध्याकाळपासून जिन्यातली मांजर आमच्या दाराशी येऊन बसली. शकु गेल्यापासून इतक्या आशेने माझी वाट कुणी बघितली नव्हती.

अक्षता रोज संध्याकाळी फोन करते. पहिल्या दिवशी मी मेसेज केला, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहे." दुसऱ्या दिवशी, "मीटिंग लांबली." तिसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉलच केला. माझा गाल तेव्हा पुरीसारखा फुगलेला. मी फोन छताकडे धरला.

"बाबा, पंखा छान दिसतोय. तुम्ही कुठे आहात?"

"इशेच आहे," मी म्हटलं. टाक्यांमुळे जीभ नीट फिरत नव्हती.

"काय?"

"नेटवर्क नाही," असं म्हणून मी ठेवला.

खाण्याची मला काळजीच नव्हती. आम्ही पेजेवर वाढलेली माणसं. थंड आणि मऊ हवं ना? तांदळाची पेज शिजवली, गार केली, मीठ घातलं, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाटीच्या वाटी संपवली. चमच्याची भानगड नाही. वाटी तोंडाला लावायची की झालं. दर वाटीनंतर मला माझं कौतुक वाटायचं. म्हटलं, बघ शकु.

चौथ्या दिवशी सूज उतरली आणि दुखणं सुरू झालं. आधीचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. दाढेच्या जागेतून निघून कानात, कानातून कपाळात. गोळी घेतली की घटकाभर कमी, मग पुन्हा. तोंडाला वास यायला लागला. मांजरही निघून गेली.

पाचव्या दिवशी निमूट दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीने आत लाइट मारला आणि चुकचुकली.

"ड्राय सॉकेट. गुठळी निघून गेली, हाड उघडं पडलंय. काका, स्ट्रॉ वापरलात?"

"नाही."

"थुंकलात? गुळण्या?"

"एकदाही नाही."

"सिगरेट, तंबाखू? खरं सांगा."

"जन्मात नाही."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. माझा पूर्वेतिहास तिला ठाऊक होता. "मग गेली कुठे गुठळी?"

"आई शप्पथ डॉक्टर, तुम्ही सांगितलं त्यातलं सगळं केलं."

ते अक्षरशः खरं होतं, त्यामुळे आम्ही दोघंही बुचकळ्यात पडलो. तिने जागा धुतली, लवंगेच्या तेलाच्या वासाची पट्टी आत बसवली. दुखणं निम्मं झालं. "परवा पट्टी बदलायला या," ती म्हणाली.

घरी आलो तर अक्षता दारात पायरीवर बसलेली. बाजूला जयावहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मीच बोलावलंय तिका," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस दार लावून बसलास, हाक मारली तर ओ नाय, आणि घरातून माशाचो वास. माका काय काय वाटला, तुमका काय सांगू, भावजी!"

रागात त्या मला अरेतुरे करतात आणि वाक्याच्या शेवटापर्यंत परत भावजी म्हणण्यावर येतात.

अक्षताने माझं तोंड बघितलं, वास घेतला. "दाढ काढली?"

"हो."

"एकट्याने?"

"हो. जमलं की. म्हणजे जवळजवळ जमलं."

मग गुठळी निघून गेल्याचं आणि डॉक्टरणीने स्ट्रॉबद्दल विचारल्याचंही सांगावं लागलं. ती आत गेली, पर्स ठेवली, ओटा बघितला, फ्रीज उघडला. गोळ्यांची पाकिटं उलटून बघितली. एकही गोळी चुकलेली नव्हती. मी मुलाखतीला आलेल्या माणसासारखा खुर्चीच्या टोकावर बसून होतो. बोरीवलीला माझं कपाट कुठल्या भिंतीला लागेल याचा मी विचारही करून टाकला.

"काही खाल्लं का सकाळपासून?"

"पेज आहे."

तिने वाटीत पेज ओतून दिली आणि समोर बसली. मी वाटी तोंडाला लावली.

"बाबा!"

मी दचकलो. पेज शर्टावर सांडली.

"परत प्या," ती म्हणाली. "जसे प्यायलात तसेच."

मी प्यायलो. खोलीत जो आवाज झाला तो मीही ऐकला. मोरीतलं तुंबलेलं पाणी एकदम मोकळं व्हावं तसा.

"चार दिवस हे असं?"

"मग पेज कशी पितात?"

"अहो, डॉक्टरनी स्ट्रॉ नको का सांगितलं? ओढायचं नाही म्हणून! तुमच्या एका भुरक्यात दहा स्ट्रॉचं बळ आहे. गुठळी काय, टाके राहिले हेच नशीब!" तिला हसू यायला लागलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. "आई असती तर पहिल्याच भुरक्याला ओरडली असती."

ते खरं होतं. आमच्या लग्नाला आठ दिवस झाले तेव्हापासून शकु मला ओरडत होती. "हळू! खालच्या मजल्यावर कळतंय पेज केलीय ती." तीस वर्षं रोज ओरडली आणि तीस वर्षं मी तेवढ्यापुरता हळू प्यायलो. ती गेल्यावर कुणी ओरडलं नाही, म्हणून मला वाटलं, मी शांतपणेच जेवतो. घरात दुसरा माणूस नसला की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

अक्षताने डोळे पुसले. "आता बोला, काय करायचं?"

मी खूप काही ठरवलं होतं. गोळ्यांचं सांगायचं, स्ट्रॉ परत केल्याचं सांगायचं. त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "मी नापास झालो हे मला कळतंय. पण मला नको नेऊस. तिकडे मी तुमच्या घरात आवाज होऊ नये म्हणून जेवायचाच नाही. इथे चुकतो, पण जेवतो."

तिने फडकं आणून माझ्या शर्टावरची पेज पुसली. मग म्हणाली, "मला दाढेचं काही वाटलं नाही. तुम्ही तिथे एकटे खुर्चीत झोपलात आणि मी ऑफिसात वडापाव खात होते, त्याचं वाटलं. मला सांगितलं असतंत तर लगेच बोरीवलीला उचलून नेलं असतं का मी?"

"हो," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "नेलं असतं. ते माझं चुकलं."

दारात जयावहिनी उभ्याच होत्या. घरी जायला निघाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. "मी मधी बोलू काय?" त्यांनी विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता बोलल्या. "रात्री आमच्यात जेवूक येवंदे. ह्येंका शाळेची बस लावून येवक साडेसात होतत. दोघांका एकदमच वाढीन. म्हणजे हो जिवंत आसा काय नाय ता माका रोज कळात, आणि तुका फोन करून सांगीन."

"मी कुणाच्या घरी रोज जेवायला जाणार नाही," मी म्हटलं. अजून थोडी ऐट शिल्लक होती.

"मग बॅग भरा," अक्षता म्हणाली.

ऐट संपली.

"महिन्याचा किराणा मी भरणार," मी म्हटलं.

"भर मेल्या," वहिनी म्हणाल्या. "भरा, भावजी."

"आणि दिवाळीची मुदत?" मी अक्षताला विचारलं.

"ती गेली. पण एक दिवस जेवण चुकवलंत की दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन येते."

अक्षता दोन दिवस राहिली. पट्टी बदलायला माझ्याबरोबर आली. तिने डॉक्टरणीला भुरक्याचं सांगितलं तेव्हा माधुरी मॅडम काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, आता मी प्रत्येक पेशंटला हेही सांगणार. कुणाला तरी उपयोग झाला.

अक्षता बोरीवलीला गेली त्या संध्याकाळी मी नवा शर्ट घालून शेजारी गेलो. बारा पावलंही नसतील, पण दारात चपला काढताना लाज वाटत होती. राजाराम हात धुऊन बसला होता. वहिनींनी भात वाढला आणि वर कुळथाची पिठी, चांगली पातळ. मला चमचा दिला. मी एक एक चमचा तोंडात ठेवून, ओठ मिटून, परीक्षेला बसल्यासारखा जेवत होतो. तेवढ्यात बाजूने असा आवाज आला की मी वळून बघितलं. राजारामने ताटली तोंडाला लावली होती.

"हळू!" वहिनी ओरडल्या. "शकु म्हणायची, आपल्या मजल्यावर दोन पंप लावल्यासारखे वाटतत, एक इकडे आणि एक तिकडे."

शकु असं म्हणायची हे मला माहीत नव्हतं. तिचं नाव असं जेवताना, पिठीबरोबर, सहज निघालेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी हसलो. दाढेच्या जागी कळ आली आणि मी गालाला हात लावला.

"दुखताहा?" वहिनींनी विचारलं.

"थोडं."

त्यांनी फोन लावला. "अक्षू, जेवले गो. होय, सगळा संपवला. नाय, आवाज नाय केल्यानी, आवाज ह्येंचो. बरा, ठेवतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या काय करू, भावजी?"

मी थोडा विचार केला.

"घट्ट काहीतरी करा," मी म्हटलं.